होल्डवरची भाजी

भूछत्राला व्हर्निअर कॅलिपर लावणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पावसाळाभर रोज पाहते. सकाळी शाळेत शिकवायला निघताना मी स्कूटी बाहेर काढते, तेव्हा आमच्या शेजारचे खैरनारकाका कुंपणापाशी लाकडी पाट टाकून बसलेले असतात. एका हातात छत्री, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि दुसऱ्या हातात ते चकचकीत मापयंत्र. समोर चिखलातून रात्रीत वर आलेलं एखादं भूछत्र.

"बेचाळीस पॉइंट सहा," काका स्वतःशी म्हणतात. "टोपी पांढरी. देठावर कडं. बुडाशी पिशवी..." मग मान वर करून मला ऐकू जाईल अशा आवाजात, "रिजेक्ट!"

आणि त्या बिचाऱ्या भूछत्राशेजारी लाल रंग दिलेली आइस्क्रीमची काडी रोवली जाते.

आमची कॉलनी सातपूरच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला आहे. घरं बेताची, पण प्रत्येकापुढे हातरुमालाएवढी बाग. काकांची सगळी नोकरी जवळच्याच एका कारखान्यात इन्स्पेक्शनला गेली. मशीनवरून उतरलेला प्रत्येक पार्ट त्यांच्या टेबलावर यायचा आणि त्यांनी हिरवी चिठ्ठी लावल्याशिवाय पुढे जायचा नाही. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि पिवळी म्हणजे होल्ड. होल्ड म्हणजे ज्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही असा माल.

माणूस रिटायर झाला, पण चिठ्ठ्या रिटायर झाल्या नाहीत. जगातल्या यच्चयावत वस्तू काकांच्या लेखी या तीन डब्यांत बसतात. कॉलनीच्या गणपतीची आरास त्यांनी दोन दिवस होल्डवर ठेवली होती, मंडप एका अंगाला कलतो म्हणून. समोरच्या सोनवणेवहिनींचा जावई पहिल्या भेटीतच रिजेक्ट झाला, आणि पुढे तो जावई जे काही वागला त्यावरून वहिनींचा काकांवर विश्वास बसला तो कायमचा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझी पहिली पुरणपोळी काकांनी उजेडाकडे धरून पाहिली होती. "कडेला पुरण पोचलेलं नाही. होल्ड. दुसरी आणा," म्हणाले. दुसरी पास झाली तेव्हा मला नोकरी लागल्यासारखा आनंद झाला होता.

स्वतः काका एकटे. लग्न केलं नाही. पार्ट रिजेक्ट करता करता मुलीही रिजेक्ट करत गेले, अशी कॉलनीत दंतकथा आहे. मी एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "रिजेक्शन समोरून व्हायचं." आणि लगेच माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे दाखवायला वाकले.

भूछत्रांचा नाद लागला तो एका गुलमोहरामुळे. कोपऱ्यावरचा जुना गुलमोहर तारांना लागतो म्हणून तोडला, बुंधा तसाच राहिला. काका नुकतेच रिटायर झालेले, हात रिकामे, नजर मात्र शाबूत. त्या पावसात बुंध्यावर एकाएकी झुबकेच्या झुबके उगवले. कोणी म्हणालं कुत्र्याच्या छत्र्या आहेत, उपटून टाका. कोणी म्हणालं अळंबी आहे, पाव किलोला काय भाव चाललाय माहितेय का? खायची की टाकायची यावर बुंध्याभोवती सभा भरली. काका गर्दीत घुसले, एक झुबका हातात घेतला, खालून पाहिला, वास घेतला, आणि म्हणाले, "इन्स्पेक्शन झाल्याशिवाय मालाला कोणी हात लावायचा नाही."

तेव्हापासून कॉलनीतल्या सगळ्या बागा त्यांच्या ताब्यात गेल्या. पाऊस झाला की काका फाटक न वाजवता आत येतात आणि तुळशीमागे, खताच्या खड्ड्याशी, कुजलेल्या ओंडक्याखाली डोकं घालतात. मोबाईलवर त्यांनी कुठकुठल्या तज्ज्ञ मंडळींशी ओळखी काढल्या आहेत. भूछत्राची टोपी कापून ती अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर पालथी घालतात, वर भांडं झाकतात. सकाळी कागदावर भुकटीची नक्षी उमटते. तिचा रंग बघून अर्धा निकाल लागतो म्हणे. हे छाप ते आम्हाला लग्नाच्या अल्बमसारखे दाखवतात, आणि आम्हीही "वा, काय सुंदर आलंय" म्हणतो.

माझ्या सासूबाईंचं आणि त्यांचं यावरून नेहमी वाजायचं. आई मूळच्या दिंडोरीकडच्या. शेतात आयुष्य गेलेलं, त्यामुळे स्वतःच्या ज्ञानाबद्दल शंका नाही.

"एवढं काय मोजमाप करता, खैरनार भाऊ? चांदीचा रुपाया टाकायचा पातेल्यात. काळा पडला तर फेकायचं, नाय पडला तर खायचं."

"ते टेस्टिंग नाही, ताई. ते ज्योतिष आहे."

"आमच्या आजीनं जन्मभर तसंच केलं."

"तुमची आजी नशीबवान. रुपया विषाला ओळखत नाही. लसूणही ओळखत नाही, तांदूळही ओळखत नाही. किड्यांनी खाल्लंय म्हणून आपल्याला चालेल, हेही खोटं. किड्याचं पोट वेगळं, तुमचं वेगळं."

"मंग तुमचं ते लोखंडी करकोचं ओळखतंय व्हय?"

काका कॅलिपर पुसत शांतपणे म्हणायचे, "डाउट असला की होल्ड. एवढं एकच ओळखता आलं की पुरे."

इथपर्यंत सगळं गोड होतं. अडचण होती ती वाट्यांची.

आपल्याकडे घरात काही नवं पिकलं, पहिलं आलं, की शेजारी वानवळा धाडायचा. काकांची बाग पिकायची ती भूछत्रांनी. तेव्हा वर्षातून काही वेळा, चांगला पाऊस होऊन ऊन पडलं की, संध्याकाळी काका फाटकात दिसायचे. हातात ताट, ताटात स्टीलच्या वाट्या, वाट्यांवर झाकण्या. आत काळ्या मसाल्यातली, तेलाचा तवंग आलेली, दरवळणारी भाजी. माणूस स्वयंपाक उत्तम करतो. वासानं जीव कासावीस व्हायचा.

पण खाणार कोण?

कोणी खात नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण कॉलनीत ते उघड गुपित होतं. काकांवर आमचा विश्वास होता, पण विश्वास आणि पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जावयाबाबत माणूस चुकला तर काडीमोड तरी घेता येतो. सोनवणेवहिनी ती भाजी कढीपत्त्याच्या मुळाशी पुरायच्या. पुढे त्याच कढीपत्त्याखाली छत्र्या उगवल्या आणि काका पाट घेऊन तिथे हजर झाले, तेव्हा वहिनींना दरदरून घाम फुटला. शिजवलेली भाजी पुन्हा उगवत नाही हे त्यांनाही कळतं. पण मनात चोर असला की काहीही उगवू शकतं.

बरं, नुसती कचऱ्यात टाकावी तर तेही सोपं नाही. सकाळी घंटागाडी येते तेव्हा काका तिच्यापाशी उभे असतात. ओला कचरा, सुका कचरा नीट वेगळा केलाय का, हे ते बघतात. त्यांना हे काम कोणी दिलेलं नाही. गाडीवरचा माणूसही आता त्यांच्याकडे बघूनच डबा आत घेतो. अशा माणसासमोर त्याचीच भाजी ओतायची म्हणजे छातीच पाहिजे. म्हणून आम्ही ती फ्रीजमध्ये मागे सरकवून ठेवायचो आणि काका बँकेत वगैरे गेले की सावकाश निकालात काढायचो.

आणि मग वाटी परत करायची. रिकामी वाटी कशी देणार? आपल्यात ती पद्धतच नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी कोणी रव्याचा लाडू, कोणी चिवडा, काही नसलं तर चिमूटभर साखर घालून वाटी पोचवायची आणि दारात उभं राहून म्हणायचं, "काका, भाजी काय झाली होती हो!" काका खूश. चहा टाकायचे. मग ताज्या छापांचा अल्बम निघायचा. एकूण त्या भाजीवर आमच्या कॉलनीत जेवढं प्रेमानं बोललं गेलंय तेवढं पुरणपोळीवरही बोललं गेलं नसेल.

हे असंच चालू राहिलं असतं. पण यंदा श्रावणात माशी शिंकली.

आईंचं श्रावणाशी जुनं वैर आहे. बाईंना मटण अतिशय प्रिय, आणि श्रावण पाळायचा म्हणजे पाळायचा. महिना निम्म्यावर आला की त्या घरात अस्वस्थ फिरायला लागतात. भेंडीकडे असं बघतात की भेंडीला वाईट वाटावं. अशाच दिवसांत एका संध्याकाळी काकांची वाटी आली. मी ती फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

दुपारी परत आले तर आई ओट्यापाशी उभ्या. समोर बाजरीच्या भाकरीचा शेवटचा तुकडा, आणि त्यानं त्या वाटी पुसून घेताहेत.

"शुभा," चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं समाधान, "कसली गं भाजी ही? पार मटनावानी लागली. देवानं श्रावणात सोय केली बघ."

माझ्या हातातली पर्स खाली पडली.

मनात एकाच वेळी किती विचार येतात याचा अनुभव मी त्या क्षणी घेतला. पहिला अर्थातच आईंचा. त्र्याहत्तरीची बाई, तिला काही झालं तर? पण खरं सांगते, दुसरा विचार त्याच्या मागोमाग होता. पोलीस, नणंदा, आणि अख्ख्या दिंडोरीत चर्चा, की सुनेनं सासूला विषारी छत्र्यांची भाजी घातली आणि स्वतः पोळीभाजीचा डबा घेऊन शाळेत गेली.

"आई, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"लय बरं वाटतंय. अजून हाय का?"

मी नवऱ्याला, महेशला, फोन लावला. "तू आईला काय दिलंस?" तो ओरडला. "मी दिलं नाही, त्यांनी घेतलं," असं मी म्हणाले खरी, पण ते माझ्याच कानाला एखाद्या आरोपीच्या जबाबासारखं वाटलं. फोन ठेवला आणि रिकामी वाटी तशीच हातात घेऊन काकांकडे धावले. मनात म्हटलं, काळजी कसली? माणूस कॅलिपर लावून भाजी करतो. तो म्हणेल पास, आणि आपण घरी येऊन झोपू.

काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. काका आत पेपर वाचत होते. मला बघून उजळले.

"वाटी इतक्यात? आणि आज रिकामीच?"

"काका, आईंनी भाजी खाल्ली."

"कोणी?"

"आईंनी. आत्ता. भाकरीशी."

"खाल्ली म्हणजे?" काका उठून उभे राहिले. "तोंडात घालून खाल्ली?"

"मग कशी खातात?"

"अहो, पण तुमच्यात कोणी खात नाही ना!"

इतकी वर्षं आम्ही कढीपत्त्याखाली पुरत होतो, फ्रीजमध्ये लपवत होतो, दारात उभं राहून मसाल्याची तारीफ करत होतो, आणि हा माणूस ते सगळं माहीत असून आम्हाला चहा पाजत होता. पण ते मनात घोळवायला वेळ नव्हता.

"काका, पास होती ना ती?"

काकांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. पुन्हा घातला.

"थोडी पास होती," ते म्हणाले. "पण पाच वाट्या भरायच्या होत्या. बाकीची होल्डवरची घातली."

तो माणूस त्यानंतर ज्या वेगानं हलला, तो मी कधी पाहिला नव्हता. उरलेली कच्ची भूछत्रं एका डब्यात, कागदावरचे छाप दुसऱ्या हातात, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कॉलनीतल्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, इथे आणूच नका, मोठ्या दवाखान्यात न्या, लगेच. तो द्वारका चौकापलीकडे. रिक्षात आई मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला काका. एरवी काका आमच्याशी छापील मराठी बोलतात. त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून गावाकडची, सटाण्याची बोली बाहेर पडत होती. "माय, बरं शे ना? माय, पोटात काही नही ना?"

"मला कशाला काय होतंय? तुमचीच तोंडं पाहा," आई म्हणत होत्या.

द्वारकेला नेहमीसारखी कोंडी. पुढे बस, मागे ट्रक, मध्ये आम्ही. माझा जीव टांगणीला, आणि आईंना रस्त्याकडेला केळीवाला दिसला. "शुभा, उतरून डझनभर केळी घे बरं. दवाखान्यात रिकाम्या हातानं जाऊ नाय."

"आई, आपण कोणाला बघायला नाही चाललोय. तुम्हीच पेशंट आहात."

"मंग मला नकोत का?"

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, पण कामाला पक्का. त्यानं आईंना ताबडतोब खाटेवर घेतलं, रक्त काढलं, सलाइन लावलं. काकांच्या डब्यातल्या भूछत्रांचे फोटो काढून कोणा जाणकाराला पाठवले. काकांनी टोपी, देठ, कडं, भुकटीचा रंग, सगळं घडाघडा सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, एवढं व्यवस्थित सँपल आमच्याकडे कोणी आणत नाही." दुसरा कोणताही दिवस असता तर काकांनी हे वाक्य वर्षभर पुरवून वापरलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली.

"काही विषं उशिरा चढतात," डॉक्टर मला म्हणाला. "माणूस दुसऱ्या दिवशीही टुणटुणीत दिसतो आणि मग लिव्हरवर जातं. म्हणून दोन दिवस इथेच ठेवू, पुन्हा पुन्हा रक्त तपासू. आणखी कोणी खाल्ली नाही ना?"

"छे," मी ठामपणे म्हणाले. "आमच्याकडे कोणीच खात नाही."

काका डब्याचं झाकण लावत राहिले.

महेश आला, आईला पाहून त्याचा जीव खाली बसला, आणि तो कागदपत्रांच्या मागे धावला. वॉर्डाच्या दाराशी बाकावर मी आणि काका बसलो. आतून आईंचा आवाज ऐकू येत होता. सिस्टरला त्या चहात आलं घालायला सांगत होत्या. आत बाई मजेत, आणि बाहेर आम्ही दोघं असे बसलेलो की कोणालाही वाटावं आम्हीच आजारी आहोत.

"काका, तुम्ही घरी जा. रिक्षा करून देते," मी म्हटलं.

"नको. बसतो. तुम्ही एक करा, महेश घरी गेला की माझ्या घराकडे तेवढं बघायला सांगा. दार उघडंच आहे."

"गडबडीत कडी राहिली वाटतं."

"गडबडीत नाही. कालपासूनच उघडं आहे." काका समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि अगदी सरळ आवाजात, कारखान्यात शिफ्टचा रिपोर्ट द्यावा तसं सांगत होते. "ही भाजी खाल्ली की त्या रात्री मी कडी लावत नाही. सागवानी दार आहे. काही कमीजास्त झालं तर तुम्हा लोकांना फोडायला जड जाईल."

"आणि वाट्या गेलेल्या असल्या की काळजी नसते," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी परत द्यायला कोणीतरी येतंच. पाच घरांत गेल्या तर पाचातलं एक तरी येतं. आपल्या कॉलनीत वाटी ठेवून घेणारं कोणी नाही."

"म्हणून तुम्ही आम्हाला पाठवायचात?"

"मग काय खायला? तुम्ही शहाणी माणसं. कोणी खात नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं. खात असता तर होल्डवरचा माल तुमच्या घरात पाठवला असता का मी?" एवढ्यातही त्यांना त्या शंकेचा राग आला होता. "सबंध नोकरीत एक वाकडा पार्ट पुढे जाऊ दिला नाही."

"आणि स्वतः खाल्लीत?"

"आता केलीच होती कढईभर. एकट्यासाठी वेगळी भाजी कोण करत बसतं?"

मला आधी रडू आलं, मग त्यांचा भयंकर राग आला, आणि मग एकदम लख्ख उजेड पडला. आईंनी ती भाजी दुपारी खाल्ली होती. या माणसानं आदल्या रात्री खाल्ली होती. तीच भाजी, तीच कढई, आणि वाटीभर नाही, पानभर. डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी कोणी खाल्ली का? आणि मी, शिकलीसवरलेली बाई, यांच्या शेजारी उभी राहून छे म्हणाले होते. मी माझ्या सासूसाठी केवढा आकांत केला, आणि हा माणूस स्वतःच्या पोटात तेच घेऊन तिला दवाखान्यात पोचवायला आला होता.

मी धावत जाऊन डॉक्टरला घेऊन आले. तो चिडला. "आजोबा, मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही यांना विचारलंत," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आणि आधी माउलींचं बघणं महत्त्वाचं होतं."

पुढे काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे राहिलेलं तुम्हाला निवांत वाचता येईल. दोघांचेही रिपोर्ट चांगले आले, पहिलेही आणि नंतरचेही. ती भूछत्रं निरुपद्रवी होती असं त्या जाणकाराचं मत पडलं. काका अजूनही सकाळी पाट टाकून बसतात, मापं घेतात, काड्या रोवतात. फक्त कढई चढत नाही. आईंनी तशी शपथच घातली आहे.

पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. काकांना आत घेतलं. आईंच्या शेजारची खाट रिकामी होती, तिथे त्यांना बसवलं. एक पोरसवदा सिस्टर माहिती विचारायला आली. नाव, वय, पत्ता. काका पटापट सांगत होते. मग तिनं विचारलं, "सोबत कोण आहे? नातेवाईक?"

काका थांबले. "पुतण्या आहे सटाण्याला," म्हणाले. "पण त्याचे कांद्याचे दिवस आहेत. त्याला कशाला? नाही लिहिलं तर चालेल का?"

"असं कसं चालेल आजोबा? कोणीतरी पाहिजे ना."

मी पुढे झाले, पण माझ्या आधी पलीकडच्या खाटेवरून आवाज आला.

"मी हाय ना!" आई कोपरावर उठून बसल्या होत्या; बाकावरचं आमचं बोलणं त्यांनी आतून ऐकलेलं दिसत होतं. सलाइनची नळी ताणली गेली होती. "लिही, थोरली बहीण. आन् हे बघ पोरी, याला इथंच राहू दे माझ्याशेजारी. माझं लक्ष राहील. इथनं सोडलं की आमच्या घरी येणार हाय तो. रोज सकाळी चहाला यायचं, भाऊ. नऊ वाजेस्तोवर नाय आला तर मी येऊन दार बडवीन. काय समजलास?"

आई त्यांना कधी अरेतुरे करत नसत. त्या दिवशी केलं.

काका खाटेवर आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले. सिस्टरनं त्यांचा हात धरून नाडी पाहिली, आणि डॉक्टरनं शिकवून ठेवलेले प्रश्न एकेक करून विचारले. मळमळतंय का? नाही. घाम? नाही. तोंडाला पाणी सुटतंय का, डोळ्यांतून पाणी येतंय का?

काकांनी मान हलवून नाही म्हटलं. पण येत होतं. दोन्ही डोळ्यांतून येत होतं आणि कानांकडे ओघळून उशीवर उतरत होतं, आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. सिस्टर दचकली. "अहो मॅडम, यांना लक्षणं सुरू झाली वाटतं," म्हणत ती डॉक्टरला बोलवायला वळली.

आईंनी हात लांबवून तिचा पदर धरावा तसा तिचा ॲप्रन धरला.

"राहू दे गं बाई," त्या म्हणाल्या. "ते त्या भाजीचं नाय. येऊ दे त्याला."